गाण्याच्या वर्गात बाई कधी आली?

आज गाणं ऐकवणार नाही, गाण्याच्या शिक्षणाची गोष्ट सांगणार आहे.

मागे आमच्या भागातल्या एका गटाच्या बैठकीत एका ताईंनी अंतर्गत कर्ज मागितलं. कशाला म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, मुलगी बारावी झाली, तिला गाण्यात बी.ए. करायचंय, फी आणि वसतिगृहाची अनामत भरायची आहे. शेळी, शिलाई मशीन, दवाखाना असलं कारण असतं तेव्हा आपण दोन मिनिटांत सही करून मोकळ्या होतो. इथं तासभर चर्चा चालली. "गाण्यात पण बी.ए. असतं का?" इथपासून "गाणं गळ्यातच असावं लागतं, ते काय कॉलेजात शिकायचं?" इथपर्यंत. शेवटी कर्ज मंजूर झालं. पण एक मावशी हळूच जे बोलल्या ते माझ्या डोक्यातून गेलं नाही. त्या म्हणाल्या, "घरंदाज घरातली पोर गाणं शिकायला बाहेर पाठवायची, लोक काय म्हणतील?"

मावशींना आपण हसू नये. त्यांचं वाक्य त्यांचं एकटीचं नाही, त्याला शंभर-दीडशे वर्षांचा इतिहास आहे. तोच आज सांगते.

त्या काळी शास्त्रीय गाणं शिकायचे रस्ते दोनच. एक तर गवयाच्या घरात जन्माला यायचं, नाही तर गवयाच्या घरी राहून, त्याचं पाणी भरून, सेवा करून, तो देईल तेव्हा देईल तेवढं घ्यायचं. शिकवण्याचा वार नाही, वेळ नाही, पुस्तक नाही. गुरूची मर्जी असली तर एक बंदिश मिळायची, नसली तर वर्ष वर्ष तीच सरगम. आणि हे दोन्ही रस्ते पुरुषांचे.

बायका गात नव्हत्या असं मात्र नाही. आपल्या आज्या-पणज्या जात्यावर गात होत्या, हळदीला, बारशाला, भोंडल्याला गात होत्या. त्याला कुणी विद्या म्हटलं नाही. दुसऱ्या होत्या कलावंतिणी, नायकिणी. गाणं हा त्यांचा धंदा होता, त्यावर त्यांची घरं चालत. मोठमोठे उस्ताद त्यांना शिकवत. त्यामुळे राग, ताल, बंदिश याचं पक्कं ज्ञान ज्या बायकांकडं होतं त्या याच. गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकर आणि कुर्डी गावच्या मोगूबाई कुर्डीकर याच परंपरेतून वर आल्या. ज्ञान त्यांच्याकडं, मान मात्र नाही. जिच्याकडं मान होता त्या घरंदाज बाईला गाणं शिकायची बंदी. मावशींचं 'लोक काय म्हणतील' हे इथलं आहे.

आता शाळेकडं येऊ. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १८८६ साली मौलाबक्ष या गवयांच्या हाताखाली गायनशाळा सुरू केली. राजाच्या दरबारातलं गाणं वर्गात आणायचं, असा हा सुरुवातीचा प्रयोग. पुढं हीच संस्था बडोद्याच्या विद्यापीठात गेली आणि आजही तिथं गायन, वादन, नृत्य, नाट्य शिकवलं जातं.

बडोद्याचा प्रयोग राजाच्या पैशावर उभा होता. लोकांच्या पैशावर शाळा उभी केली ती कुरुंदवाडच्या विष्णू दिगंबर पलुसकरांनी. लहानपणी फटाक्याच्या अपघातात डोळे अधू झाले, शाळा सुटली, म्हणून मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडं गाणं शिकायला ठेवलं. तिथून बाहेर पडल्यावर हिंडत हिंडत ते पार लाहोरला पोचले आणि ५ मे १९०१ रोजी तिथं गांधर्व महाविद्यालय काढलं. कोल्हापूरकडचा माणूस, गाव परकं, भाषा परकी, डोळ्यांनी नीट दिसत नाही, आणि काढतो काय तर गाण्याची शाळा! फी, हजेरी, वर्ग, परीक्षा, छापील पुस्तकं, सगळं इतर शाळांसारखं. १९०८ साली मुंबईत शाखा निघाली. पुढं कर्जापायी मुंबईची इमारत हातची गेली, पण तोवर शिष्य तयार झाले होते आणि ते गावोगाव पांगले. १९३१ साली पलुसकर वारले. त्याच वर्षी शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. तुमच्या तालुक्याच्या गावी एखाद्या क्लासवर 'प्रारंभिक ते विशारद' अशी पाटी दिसते ना, त्या परीक्षा बहुधा याच मंडळाच्या.

पलुसकरांना घरंदाज बायकांनी गाणं शिकायला हवं होतं. त्यासाठी त्यांनी बंदिशींतले शृंगाराचे शब्द काढून तिथं भक्तीचे घातले. आईबापांची भीती गेली, मुली वर्गात येऊ लागल्या. हे त्यांचं मोठं काम. पण मला इथं एक खटकतं. गाणं घरंदाज करायचं म्हणजे ज्या बायकांनी ते पिढ्यान्‌पिढ्या जपलं त्यांच्यापासून ते लांब न्यायचं, असाही त्याचा अर्थ झाला. भांडं घासून लख्ख केलं, पण ज्या घरातून आणलं त्या घराचं नाव पुसून टाकलं.

दुसरे गृहस्थ विष्णू नारायण भातखंडे, मुंबईच्या वाळकेश्वरचे, पेशानं वकील. त्यांनी वकिली बाजूला ठेवून देशभर प्रवास केला, उस्तादांना भेटले, जुन्या पोथ्या वाचल्या आणि बंदिशी लिहून काढल्या. काही उस्ताद मनापासून सांगत, काही लपवत. भातखंड्यांनी सगळे राग दहा थाटांत लावले आणि बंदिशींची 'क्रमिक पुस्तक मालिका' सहा भागांत आणली. ही मालिका त्यांनी मुळात मराठीत लिहिली, हे आपल्याला माहीत असावं. आज उत्तर भारतातली मुलं हिंदीत वाचतात ती पुस्तकं आधी आपल्या भाषेत झाली.

त्यांची लिहिण्याची पद्धत इतकी सोपी आहे की रेडिओवरूनही सांगता येईल. स्वर कोमल असेल तर अक्षराखाली आडवी रेघ. मध्यम तीव्र असेल तर त्याच्या डोक्यावर उभी रेघ. खालच्या सप्तकातला स्वर असेल तर खाली टिंब, वरच्या सप्तकातला असेल तर वर टिंब. सम आली की फुली, खाली आली की शून्य. झालं.

याचं मोल गटातल्या बाईला लगेच कळेल. गटाचा हिशोब जोवर एकीच्याच डोक्यात असतो तोवर सगळा गट तिच्या मुठीत असतो. ती रुसली, ती माहेरी गेली, की गट थांबला. हिशोब वहीत आला की कुणीही वाचू शकते, कुणीही विचारू शकते. भातखंड्यांनी गाणं वहीत आणलं. अर्थात वहीत सगळं येत नाही. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, ज्याला मींड म्हणतात, ती कागदावर कशी येणार? ती समोर बसून कानानंच घ्यावी लागते. पण दार तर उघडलं.

१९१६ साली भातखंड्यांच्या पुढाकारानं बडोद्याला अखिल भारतीय संगीत परिषद भरली, आणि १९२६ साली लखनऊला मॅरिस कॉलेज सुरू झालं. आज ते भातखंड्यांच्याच नावाचं विद्यापीठ आहे. योगायोग बघा, १९१६ सालीच महर्षी कर्व्यांनी बायकांसाठी वेगळं विद्यापीठ काढलं. तेच आजचं एसएनडीटी. हे दोन धागे पुढं कुठं एकत्र आले ते सांगते, पण त्यासाठी परत बडोद्याला जावं लागेल.

बडोद्याच्या दरबारात अब्दुल करीम खाँ नावाचे तरुण गवई होते. राजघराण्याच्या नात्यातल्या ताराबाई माने त्यांच्याकडं गाणं शिकत. शिकता शिकता दोघांचं जमलं आणि दोघं बडोदा सोडून निघून गेले. त्या काळी केवढं वादळ झालं असेल! पुढं संसार मिरजेला. पाच मुलं. खाँसाहेबांनी १९१३ साली पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं, मोठे मोठे शिष्य तयार केले. १९२२ च्या सुमारास ताराबाई पाचही मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. मुलांना स्वतःचं माने हे आडनाव दिलं. तुम्ही-आम्ही आज आईचं नाव मुलाच्या दाखल्यावर लावायला कागद गोळा करतो. या बाईनं शंभर वर्षांपूर्वी आडनावच बदललं.

त्यांची एक मुलगी म्हणजे हिराबाई. याच पुढं हिराबाई बडोदेकर. भावाकडून, सुरेशबाबूंकडून, आणि उस्ताद वहीद खाँ यांच्याकडून त्या शिकल्या. पलुसकरांच्या मुंबईच्या गांधर्व महाविद्यालयातल्या परिषदेत १९२१ साली त्या पहिल्यांदा जाहीर गायल्या, वय जेमतेम पंधरा-सोळा. म्हणजे ज्या शाळेनं घरंदाज मुलींना गाणं शिकवायचं ठरवलं, त्याच शाळेच्या मंचावर ही मुलगी उभी राहिली.

पुढं हिराबाईंनी तिकीट लावून मैफली केल्या. त्याआधी बाईचं गाणं म्हणजे कुणाच्या तरी दिवाणखान्यात, चार श्रीमंत पुरुषांसमोर. तिकीट लावलं म्हणजे काय झालं? ज्याच्याकडं तिकिटाचे पैसे तो आत, मग तो कुणी का असेना. आणि तो आपल्या बायकोलाही घेऊन येऊ शकतो. गाणाऱ्या बाईचं कुणा एकाशी देणंघेणं उरलं नाही. पदर अंगभर घेऊन, हातवारे न करता, शांत बसून त्या गायच्या. काहीजण म्हणतात, लोकांना पटावं म्हणून त्यांना तसं बसावं लागलं. असेलही. पण त्याच काळात बालगंधर्व नऊवारी नेसून बाईची भूमिका करत होते आणि अख्खा महाराष्ट्र त्यांच्या पायघड्या घालत होता. पुरुषानं बाई होऊन गायलं तर कौतुक, बाईनं बाई म्हणून गायलं तर कुजबुज! हिराबाई आणि त्यांच्या भावंडांनी नाटक मंडळी काढली तेव्हा बायकांच्या भूमिका बायकांनीच केल्या.

याच घराण्यातल्या गंगूबाई हनगल. त्यांचं शाळेचं शिक्षण पाचवीपर्यंत. हुबळीहून रेल्वेनं कुंदगोळला जायचं, सवाई गंधर्वांकडं शिकायचं, रात्री परत यायचं. रस्त्यात लोक टोमणे मारत. १९२४ साली बेळगावच्या काँग्रेस अधिवेशनात गांधीजींसमोर त्यांनी लहान वयात स्वागतगीत म्हटलं. त्याविषयी त्यांनी नंतर सांगितलं आहे की गाताना मनात धाकधूक होती, आपण हलक्या जातीचे, गाणं झाल्यावर आपल्याला उष्ट्या पत्रावळी उचलायला तर सांगणार नाहीत ना? मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा थोडा वेळ पुस्तक मिटून ठेवलं. आज म्हैसूरला त्यांच्या नावाचं संगीत विद्यापीठ आहे. पाचवी शिकलेल्या बाईच्या नावानं पदव्या दिल्या जातात.

आपण रेडिओवरून बोलतोय म्हणून रेडिओचंही सांगायला हवं. स्वातंत्र्याच्या सुमारास सरकारी रेडिओवर असा हुकूम निघाला होता की ज्या बायकांचं खासगी आयुष्य बदनाम आहे त्यांना गायला बोलवू नये. बदनाम कोण ठरवणार? ते साहेब ठरवणार. त्या हुकमानं अनेक गाणाऱ्या बायकांची रोजी गेली. पुरुष गवयांचं खासगी आयुष्य कुणी विचारल्याचं माझ्या वाचनात नाही.

मग विद्यापीठं आली. बनारसच्या हिंदू विद्यापीठात संगीताचं कॉलेज उभं राहिलं, त्याचे पहिले प्रमुख पलुसकरांचे शिष्य ओंकारनाथ ठाकूर. तिथंच व्हायोलिन वाजवणाऱ्या एन. राजम शिकवायला गेल्या आणि विभागप्रमुख, अधिष्ठाता झाल्या. १९५६ साली खैरागढला विद्यापीठ निघालं. गोंदियाहून रायपूरकडं जाणाऱ्या गाडीनं डोंगरगडला उतरलं की पुढं रस्त्यानं जाता येतं, त्यामुळं आपल्या विदर्भातल्या पोरींना ते जवळ. तिथले राजा बीरेंद्र बहादूर सिंह आणि राणी पद्मावती देवी यांनी आपला राजवाडाच संगीतासाठी देऊन टाकला आणि लहानपणी गेलेल्या मुलीचं, इंदिराचं, नाव विद्यापीठाला दिलं. मुलीच्या नावानं मंदिर बांधतात, पाणपोई बांधतात. यांनी विद्यापीठ बांधलं.

आता ते दोन धागे. पुण्यात इंदिराबाई अत्रे नावाच्या शिक्षिका आजारी होत्या. गाणं शिकलात तर बरं वाटेल, असं कुणीतरी सुचवलं म्हणून त्यांनी शिकवणी लावली. त्यांचं शिकणं फार दिवस चाललं नाही, पण शेजारी बसून ऐकणारी आठ वर्षांची मुलगी शिकू लागली. ती मुलगी म्हणजे प्रभा अत्रे. त्या सुरेशबाबू माने आणि हिराबाईंकडं शिकल्या, हिराबाईंबरोबर दौऱ्यांवर गेल्या. म्हणजे तालीम जुन्या पद्धतीची, गुरूसमोर बसून. पण त्याच वेळी बी.एस्सी. केलं, कायद्याची पदवी घेतली, संगीतात डॉक्टरेट मिळवली, आकाशवाणीत नोकरी केली. आणि १९७९ पासून १९९२ पर्यंत त्या एसएनडीटीत संगीत विभागाच्या प्रमुख होत्या. बडोद्यातून बदनाम होऊन निघालेल्या ताराबाईंची मुलं ज्यांचे गुरू, त्या बाई बायकांच्या विद्यापीठात खुर्चीवर बसल्या. मध्ये ऐंशीएक वर्षं गेली. जे गाणं उंबरठ्याबाहेर ठेवलं होतं ते पदवीच्या वर्गात शिकवायला आलं, आणि शिकवणारीही बाई, शिकणाऱ्याही बाया.

आता तुमची मुलगी तिथं गेली तर पहिल्या वर्षी काय होतं?

बहुतेक ठिकाणी प्रवेशाआधी आवाजाची चाचणी घेतात. कुठं आधीच्या परीक्षा विचारतात, कुठं नुसता सूर आणि लय बघतात, म्हणून माहितीपत्रक आधी नीट वाचावं. पहिला धक्का बसतो तो पट्टीचा. गावात पेटी भजनी मंडळाच्या पट्टीत लागते, आणि ती पट्टी बहुधा पुरुषांच्या गळ्याची असते. आपली पोर तिथं ताणून तरी गाते, दबून तरी. वर्गात पहिल्यांदा कुणीतरी तिला विचारतं, तुझा स्वतःचा 'सा' कुठला? तो सापडायला काही मुलींना महिना लागतो.

दुसरा धक्का म्हणजे गाणं लगेच मिळत नाही. सकाळी खर्जाचा रियाज, मग अलंकार, पलटे. हातावर ताल धरायचा: तीनताल सोळा मात्रांचा, एकताल बारा, झपताल दहा. गावात टाळ्या घेतलेल्या मुलीला सहा महिने नुसतं सा रे ग म म्हणायला लावलं की रडू येतं, घरी फोन येतो, "आई, मला काहीच येत नाही." तेव्हा आईनं "मग ये परत" असं म्हणायची घाई करू नये. मग यमन किंवा भूप, छोटा ख्याल, पुढं बडा ख्याल. शास्त्राचा पेपर लिहायचा असतो, त्यात थाट, राग, भातखंडे, पलुसकर सगळं येतं. आणि मंचप्रदर्शन असतं, म्हणजे परीक्षकांसमोर बसून ठरलेल्या वेळात गाऊन दाखवायचं. भित्र्या मुलींना याचा फार फायदा होतो, हे मी माझ्या ओळखीच्या मुलींत पाहिलं आहे.

विद्यापीठात सगळंच मिळतं असं मी म्हणणार नाही. गुरूकडं दिवसभर कानावर पडायचं, इथं तासाची घंटा होते. वर्गात वीस मुली असल्या तर एकीच्या वाट्याला किती मिनिटं येणार? म्हणून जी मुलगी वर्ग सुटल्यावर रियाज करते तीच पुढं जाते. नोकरीचंही खरं सांगते. शाळेत संगीत शिक्षकाच्या जागा फार थोड्या आहेत. शिकवण्या, साथसंगत, कार्यक्रम असं मिळून पोट भरावं लागतं, आणि जम बसायला वर्षं लागतात. कर्ज देताना गटानं हे धरूनच हप्ता ठरवावा.

अजून शाळेत असलेल्या मुलींसाठी एक काम आतापासून करता येतं. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोनदा होतात: प्रारंभिक, मग प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मग मध्यमा, विशारद. जवळचं केंद्र कुठं आहे ते तालुक्याच्या गावातल्या गाण्याच्या क्लासमध्ये विचारा. घरी तानपुरा नसला तरी चालतं, मोबाइलवर तानपुऱ्याचं ॲप फुकट मिळतं. फक्त रोज अर्धा तास तो मोबाइल मुलीच्या हातात द्या, आणि त्या अर्ध्या तासात तिला पाणी भरायला पाठवू नका.